गाडी नेमकी काय म्हणते?

आमच्या घरी एक जुनी पद्मिनी आहे. १९८८ सालची, बदामी रंगाची. अब्बांनी ती १९९६ मध्ये सेकंडहँड घेतली आणि स्वतःच्या हातानं पुसूनपासून सांभाळली. अब्बा २०११ मध्ये गेले. तेव्हापासून गाडीची किल्ली माझ्याकडे आली. किल्ली आली, पण अब्बांचा कान काही आला नाही. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच ते सांगायचे, "आज प्लग साफ करायला हवेत." मी आयुष्यभर कविता लिहिल्या. इंजिनाशी माझा संबंध बोनेट उघडून पाणी बघण्यापुरता.

मागच्या पावसाळ्यात या गाडीतून एक आवाज यायला लागला. ठक्, ठक्, ठक्. कुणीतरी आतून दार वाजवावं तसा. पहिले दोन दिवस मी ऐकू न आल्यासारखं केलं. गाडी जुनी झालेल्या माणसाला हे चांगलं जमतं. तिसऱ्या दिवशी रेल्वे फाटकावर थांबलो असताना शेजारचा रिक्षावाला वाकून म्हणाला, "साहेब, काहीतरी ठोकतंय हो तुमचं." मग मात्र गॅरेज गाठावं लागलं.

गॅरेजच्या दारात उतरता उतरताच मी म्हणालो, "बेरिंगचा आवाज येतोय बहुतेक." का म्हणालो? तर आमच्या एका मित्राच्या गाडीचं बेरिंग गेलं होतं, तेव्हा असाच आवाज आला होता, एवढंच मला ठाऊक होतं. गॅरेजवाल्यानं गाडी सुरू करून ऐकलं आणि मान हलवली. "हो, बेरिंगच. इंजिन उतरवावं लागेल. उतरवलंच आहे तर पिस्टन, रिंगा, सगळंच बघून घेऊ." हिशेब चाळीस हजारांच्या पुढं गेला.

मुलगा म्हणाला, "पप्पा, चाळीस हजारांत हिचं काय राहणार? भंगारात देऊन टाकू या." तो म्हणाला ते व्यवहाराला धरूनच होतं. पण अम्मी ब्याऐंशी वर्षांची आहे. तिचे गुडघे वाकत नाहीत. नव्या गाडीत तिला बसवायचं म्हणजे दोघांना धरावं लागतं. या गाडीचं मागचं सीट कसं खुर्चीसारखं आहे, तिथं ती स्वतःच्या स्वतः बसते. महिन्यातून दोनदा तिला डॉक्टरांकडे न्यायचं असतं. प्रश्न नुसत्या आठवणींचा नव्हता.

शेवटी अब्बांचे जुने मिस्त्री आठवले. आता सत्तरीच्या पुढचे. गॅरेज मुलांनी ताब्यात घेतलंय, हे बाहेर बाकड्यावर बसून असतात. डॉक्टरांकडून परतताना अम्मीला घेऊनच मी त्यांच्याकडे गेलो आणि पुन्हा तेच बोललो, "बेरिंग गेलंय म्हणतात." मिस्त्री हसले. म्हणाले, "अहो शायर, कशाचा आवाज येतोय ते मी सांगतो की. तुम्ही फक्त कसा येतोय ते सांगा."

त्या दिवशी त्यांनी जे दाखवलं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. गाडी कुठलीही असो, बऱ्याच अंशी ते लागू पडतं.

मिस्त्रींनी बोनेट उघडण्याआधी प्रश्न विचारले. आवाज थंड इंजिनाला येतो की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत येतो की चालत्या? रेस दिली की वाढतो की कमी होतो? चढावर काय होतं? क्लच दाबल्यावर बदलतो का? या प्रश्नांनीच निम्मं काम होतं. गाडी उभी असताना रेस देऊनही आवाज येत नसेल आणि गाडी चालायला लागल्यावरच येत असेल, तर बहुधा इंजिनाला दोष देण्यात अर्थ नसतो. मग चाकांचे बेरिंग, ब्रेक, किंवा इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याचे सांधे, ज्याला मिस्त्री लोक 'क्रॉस' म्हणतात, तिकडं बघायचं. क्लच दाबल्यावर आवाज थांबला किंवा सुरू झाला, तर संशय क्लच आणि गिअरबॉक्सकडं वळतो.

थंडपणी येणारा आणि गरम झाल्यावर जाणारा आवाजही काही सांगत असतो. जुन्या इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात झिजेमुळं थोडी जास्त जागा झालेली असते. थंड असताना पिस्टन त्या जागेत डुगडुगतो आणि बोदा, लाकडावर मारल्यासारखा आवाज येतो. धातू तापून प्रसरण पावला की जागा भरून निघते, आवाज मिटतो. सायलेन्सरच्या नळीच्या तोंडाशी गॅस्केट थोडं फाटलेलं असेल, तरी थंडपणी टिकटिक येते आणि तापल्यावर फट मिटली की थांबते. हा आवाज टॅपेटसारखाच वाटतो, त्यामुळं भले भले फसतात. चढावर गाडीवर जोर आला की बारीक गोट्या खुळखुळल्यासारखं वाजतं, त्याला नॉकिंग म्हणतात. तिथं बहुधा टायमिंग पुढं गेलेलं असतं किंवा सिलिंडरमध्ये काजळी साचलेली असते. जोराचा बोजा असताना पेट्रोल नको त्या पद्धतीनं, एकदम भडकतं, त्याचा तो आवाज.

दुसरी गोष्ट लयीची. ही मात्र मला चटकन समजली. आपल्या बहुतेक मोटारींचं इंजिन चार कामं करतं. हवा आणि पेट्रोल आत घेणं, ते दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं. या चार कामांत खालचा क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो. पण झडपा उघडणारा कॅमशाफ्ट त्याच वेळात एकच फेरा घेतो. म्हणजे इंजिनात दोन लयी एकाच वेळी चाललेल्या असतात. एक ठाय आणि एक दुगुन. गाडी उभ्या जागी मिनिटाला आठशे फेऱ्यांनी चालली असेल, तर झडपांकडची लय चारशेची. टॅपेटचा आवाज या संथ लयीत येतो, आणि तो पातळ, टकटक असा, इंजिनाच्या डोक्याकडून येतो. बेरिंगचा आवाज सहसा दुप्पट लयीत, जाड, पोटातून आल्यासारखा येतो. बोटांनी ठेका धरून ही दुगुन ओळखायचा सराव करता येतो. आणि या दोन्ही लयींत न बसणारा आवाज असेल, तर तो पट्ट्यावर फिरणाऱ्या एखाद्या चाकाचा, पंख्याचा, नाहीतर नुसत्या सैल झालेल्या पत्र्याचा असू शकतो.

मिस्त्रींनी मला डोळे मिटून ठेका धरायला लावला. मी धरला. म्हणालो, "लय दुगुनेच्या जवळपास आहे, पण नीट बसत नाही. मध्येच एखादी मात्रा चुकते."

"मग बेरिंगवर लगेच सही करू नका," ते म्हणाले.

तिसरी गोष्ट जागेची. माणसाला वाटतं, जिथं आवाज मोठा तिथंच दोष. पण इंजिन हा धातूचा एक मोठा ठोकळा आहे. लोखंडातून आवाज हवेपेक्षा सुमारे पंधरा पटींनी वेगानं जातो आणि फारसा विरतही नाही. पुढं वाजलेलं मागं ऐकू येतं, वर वाजलेलं खाली. म्हणून नुसतं बोनेटवर वाकून कान लावण्याचा उपयोग मर्यादित असतो. मिस्त्रींनी एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. टोक इंजिनाच्या एकेका भागावर टेकवायचं आणि मूठ कानाच्या पुढच्या हाडावर दाबून धरायची. डॉक्टरांची नळी असते ना, तसंच. टोक दोषाच्या जागी टेकलं की आवाज एकदम धारदार होतो. बाकी ठिकाणी तो लांबून आल्यासारखा राहतो. हवेची गळती शोधायची असेल तर रबरी नळीचा तुकडा कानाला लावून दुसरं टोक फिरवायचं.

हे करताना त्यांनी मला आधी मागं सरकवलं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, बाह्या वर, गळ्यातला रुमाल काढलेला. फिरत्या पंख्यात आणि पट्ट्यात कपडा अडकला तर हात जायला वेळ लागत नाही. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवायची नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस आडवा करतो. नव्या गाड्यांचे विजेचे पंखे इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होतात, हेही लक्षात ठेवावं.

चौथी गोष्ट पाहताना मला आमच्या मिरजेतले तंतुवाद्यं करणारे कारागीर आठवले. दीड शतकाहून अधिक काळ ही कला आमच्या गावात आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तानपुऱ्यात नको असलेली खरखर आली, तर जाणता कारागीर भोपळा फोडत बसत नाही. तारा छेडायच्या आणि एकेका भागावर हात ठेवून बघायचं. मण्यावर, खुंटीवर, पट्टीवर. ज्या ठिकाणी हात ठेवल्यावर खरखर थांबली, तिथं काहीतरी सैल झालेलं आहे. एकेकाला गप्प बसवून बघायचं, एवढीच ती युक्ती.

मिस्त्रींनी इंजिनाशी हेच केलं. आधी जाड मूठ असलेल्या पकडीनं एकेका प्लगची वायर क्षणभर काढली. वायर काढली की त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही, त्याच्या पिस्टनवरचा जोर जातो. दोष त्याच सिलिंडरच्या बेरिंगमध्ये असेल, तर ठोकणं लगेच मंदावतं. टॅपेटचा असेल तर फरक पडत नाही. चारही वायरी काढून झाल्या. आवाज जसाच्या तसा. हा प्रयोग तुम्ही घरी करू नका. धक्का जोराचा बसतो. आणि आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत असं केल्यानं कॉइल आणि सायलेन्सरमधलं धूर शुद्ध करणारं यंत्र खराब होऊ शकतं.

एवढ्यात मागच्या सीटवरून अम्मी बोलली. ती तिथं तसबी हातात घेऊन बसली होती. आमच्या घरच्या दखनीत म्हणाली, "बेटा, लाइटां लगाये की ज्यादा ठोकती ये."

मी तिला गप्प करणार होतो. मिस्त्रींनी हात वर केला. "थांबा. लावा बरं लाइट."

मी हेडलाइट लावले. ठोकणं वाढलं. बंद केले, कमी झालं. पुन्हा लावले, वाढलं. मिस्त्रींनी अम्मीकडं बघून दोन्ही हात जोडले.

लाइटचा आणि ठोकण्याचा संबंध काय? गाडीची वीज ऑल्टरनेटर तयार करतो. तो इंजिनाच्या पुढच्या बाजूला पट्ट्यावर फिरतो. विजेची मागणी वाढली की तो फिरायला जड होतो. लाइट लावल्यावर इंजिनावर थोडा बोजा येतो खरा, पण बेरिंगच्या आवाजात एवढा ठळक फरक पडावा इतका नाही. म्हणून संशय पट्ट्याकडं गेला. मिस्त्रींनी गाडी बंद करून फॅनबेल्टच काढला आणि गाडी पुन्हा सुरू केली. अगदी अर्ध्या मिनिटासाठी, कारण या पट्ट्यावरच पाण्याचा पंप चालतो. तो बंद ठेवून इंजिन जास्त वेळ चालवलं तर तापून बसेल.

आवाज बंद. एकदम. फक्त इंजिनाची आपली ओळखीची घरघर.

आता पट्ट्यावर असतं ते दोन-तीनच. हातानं पाण्याचा पंप हलवून पाहिला, घट्ट होता. ऑल्टरनेटरची पुली हलवली, तर ती आपल्या दांड्यावर केसभर मागंपुढं होत होती. नट सैल झालेला आणि पुलीला दांड्याशी धरून ठेवणारी छोटी चावी झिजलेली. अब्बांनी पूर्वी एकदा तो ऑल्टरनेटर बदलून घेतला होता. त्यानंतर इतक्या वर्षांत तो नट तपासायचं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

मग सगळ्या गोष्टींचा मेळ लागला. इंजिन सावकाश चालत असतं, तेव्हा प्रत्येक सिलिंडरचा धक्का वेगळा लागतो. ते धक्के पट्ट्यातून पुलीला बसतात आणि सैल पुली दांड्यावर आपटते. म्हणून उभ्या गाडीत ठकठक. रेस दिली की धक्के एकमेकांत मिसळतात, पुली एका बाजूला दाबून राहते आणि आवाज जातो. थंड असताना चोक ओढलेला असतो, इंजिन थोडं वेगात चालतं, म्हणून सकाळी आवाज नसे. लाइट लावले की ऑल्टरनेटर जड होतो, आपटणं जोरात होतं. आणि दोन्ही पुलींचा आकार सारखा नसल्यानं लय दुगुनेत नीट बसत नव्हती. माझा ठेका चुकत होता तो त्यामुळं.

नवीन चावी, नट, पुली आणि मजुरी मिळून साडेसातशे रुपये झाले.

पहिल्या गॅरेजवाल्याचा मला राग नाही. त्याला मीच दारात रोगाचं नाव सांगितलं होतं. सैल पुलीचा आवाज बेरिंगसारखाच येतो, हे मिस्त्रींनीही मान्य केलं. नाव आधी कानावर पडलं की माणूस तेवढंच ऐकतो. वस्तूंना नावं देणं हा माझ्यासारख्याचा धंदा आहे, पण इथं तोच नडला. आपण डॉक्टरकडं जाऊन "मला अल्सर झालाय" असं सांगत नाही, "जेवल्यावर दुखतं, रात्री जास्त दुखतं" असं सांगतो. गाडीच्या बाबतीतही तेच करावं. कधी, कुठं, कशानं वाढतो, कशानं थांबतो, एवढं कागदावर लिहून न्यावं. घरातल्या बाकीच्यांनाही विचारावं. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं, मागं बसलेल्याला जास्त ऐकू येतं. आणि मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवावा, कारण गॅरेजच्या दारात गाडी हमखास शहाण्या मुलासारखी गप्प बसते.

पण एक बाजू सांगायलाच हवी. आमच्या गाडीचं स्वस्तात निभावलं म्हणून प्रत्येक ठकठक पुलीचीच असते असं नाही. पोटातून जाड ठोकणं येत असेल, ॲक्सिलरेटर दाबल्यावर ते वाढत असेल, आणि सोबत ऑईलचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर गाडी तिथंच बाजूला घेऊन बंद करावी. घर दोन किलोमीटरवर असलं तरी. ऑईलच्या पातळ थरावरच बेरिंग तरंगत असतं. तो थर तुटला की धातूवर धातू घासतो, आणि मग त्या दोन किलोमीटरांची किंमत पूर्ण इंजिनाएवढी होते. म्हणून कुठलाही नवा आवाज आला की पहिलं काम म्हणजे ऑईलची पट्टी काढून पातळी बघणं. त्याला पैसे लागत नाहीत. जुनी गाडी विकत घेतानाही सावध असावं. जाड ऑईल ओतून हे ठोकणं काही दिवस दाबून ठेवता येतं. म्हणून ती थंड असताना स्वतः सुरू करावी, मग पुरती गरम होऊ द्यावी, आणि दोन्ही वेळा ऐकावं.

आता नव्या गाड्यांत कॉम्प्युटर आहे, स्कॅनर लावला की दोष कळतो, असं माझा मुलगा म्हणतो. ते खरं आहे. कित्येक इंजिनांना तर स्वतःचा कानही असतो. नॉक सेन्सर नावाचं छोटं यंत्र सिलिंडरच्या भिंतीतली खणखण ओळखतं आणि कॉम्प्युटर टायमिंग मागं घेतो. पण ज्या गोष्टीवर सेन्सर बसवलेला नाही, तिच्याबद्दल स्कॅनर काय बोलणार? सैल नट, झिजलेली पुली, तुटका पत्रा, हे अजूनही कानानंच शोधावं लागतं.

आमच्या पद्मिनीच्या बहिणी मुंबईच्या कुर्ल्यात तयार होत. त्यांचं उत्पादन थांबून दोन तपांहून अधिक काळ लोटला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचाही निरोप झाला. या गाड्यांचे आवाज ओळखणारे कानही आता थोडेच उरलेत. मिस्त्रींच्या मुलांना मी म्हणालो, वडिलांकडून एवढं शिकून घ्या. थोरला म्हणाला, "शिकतोय की. पण त्यांना येतं तसं सांगता येत नाही. आवाज ऐकला की म्हणतात, हा हा, आणि हात तिकडं जातो."

परतताना संध्याकाळ झाली होती. मी लाइट लावले. फाटक बंद होतं, गाडी उभी राहिली. मी कान देऊन ऐकत होतो. मागून अम्मीनं विचारलं, "अब ठीक है ना?"

म्हटलं, "तूच सांग."

तिनं थोडा वेळ ऐकलं आणि तसबी पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू केली.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)